नदीपलीकडचं हायस्कूल

वाचकहो, आज एक सरळ प्रश्न विचारतो. तुमच्या गावाचं कोणत्या गावाशी वाकडं आहे? "कुणाशीच नाही" असं सांगणारा माणूस एकतर गावात नवा आलेला असतो, नाहीतर पंचायत समितीच्या निवडणुकीला उभा असतो. माझी नोकरी एका जिल्ह्यात आणि सोयरेधायरे दुसऱ्या जिल्ह्यात, त्यामुळे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली गावं मी तीस वर्षांहून अधिक काळ फिरतो आहे. ज्याला जोडीचं गाव नाही असं गाव मला अजून भेटायचं आहे. आणि हे जोडीचं गाव नेहमी हाकेच्या अंतरावरचं असतं. शिवेला शिव लागलेली, ओढा एक, बाजार एक, आणि लेकीही तिकडेच दिलेल्या. दूरच्या गावाशी वाकडं धरायला शेतकऱ्याला वेळ कुठला?

विस्ताराच्या कामात मी हे फार लवकर ओळखलं. ग्रामसभेत उभं राहून बेणेप्रक्रियेवर अर्धा तास बोललो तर पुढच्या रांगेतले आजोबा डुलक्या घेत. मग मी सहज म्हणायचो, "पलीकडच्यांनी यंदा एक डोळ्याची रोपं लावली. नांग्याच पडल्या नाहीत." की लगेच मागून आवाज, "कुणी लावली? किती लावली?" दुसऱ्या दिवशी चार जण रोपवाटिकेत हजर. पुस्तकात हे शिकवत नाहीत.

हे वाकडं किती जुनं असू शकतं ते पाहायचं असेल तर खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड या दोन गावांना नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी जाऊन यावं. मधे ओढा. एका काठावर एका गावच्या बायका, दुसऱ्या काठावर दुसऱ्या गावच्या. वाद्यं वाजत असतात आणि दोन्हीकडून हातवारे करून शिव्यांचा भडिमार चालतो. त्यालाच बोरीचा बार म्हणतात. बार संपला की ज्या त्या आपल्या घरी. एरवी एकमेकींकडे येणंजाणं असतं. वर्षाचं सगळं एका दिवशी बोलून टाकायचं, ही सोय मला तरी शहाणपणाची वाटते.

आमच्या दोन गावांत शिव्यांचा बार नव्हता. आमच्याकडे होता कबड्डीचा सामना, दोन हायस्कुलांमधला. गावांची नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर पुढच्या आठवड्यात दोन्हीकडून संपादकांना पत्रं येतील. एवढंच सांगतो की आमचं गाव कराड तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात, आणि ते गाव वाळवा तालुक्यात, म्हणजे सांगलीत. मधे कृष्णामाई. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिणेकडच्या भागाला दक्षिण सातारा म्हणू लागले आणि १९६० साली त्याचं नाव सांगली जिल्हा झालं. आमचे आजोबा शेवटपर्यंत म्हणत, "आरं, साहेबानं कागदावर रेघ वढली, नदी काय रुंद झाली न्हाय." पण रेघेचा एक परिणाम मात्र झाला. शाळांच्या सरकारी स्पर्धा तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या. त्यामुळे दोन काठांवरची ही दोन हायस्कुलं सरकारी मैदानावर एकमेकांसमोर कधी यायचीच नाहीत. म्हणून गावांनी आपला सामना आपणच ठरवला. २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन, दुपारी कबड्डी. एक वर्ष आमच्या मैदानावर, एक वर्ष त्यांच्या. पंच तिसऱ्या गावचा, आणि तो दोन्ही गावांत सोयरा नसलेला पाहिजे. असा पंच शोधायलाच आमच्या सरांचे पंधरा दिवस जात.

पूर्वी हे सगळं तालमीत होतं. जत्रेच्या फडात रेवड्यांवरच्या कुस्तीपासून सुरुवात व्हायची आणि हलगी कडाडायला लागली की शेवटच्या जोडीला दोन्ही गावं श्वास रोखून उभी. या मातीतूनच कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव वर आले. १९४८ साली लंडनला ते सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, ते लोकांनी वर्गणी काढून आणि उसनवारीवर उभे केले. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सांगलीकर म्हणणार, आमच्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक आणलं ते विसरू नका. विसरत नाही. दोन्ही काठांवर ही दोन्ही नावं सारख्याच अभिमानानं घेतली जातात. मात्र गावोगाव हायस्कुलं निघाली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथं लावलेलं रयत शिक्षण संस्थेचं रोप वाढलं, आणि गावाची इभ्रत हळूहळू तालमीतून शाळेच्या मैदानावर आली. पहिलवान पोसायला खुराक लागतो. कबड्डीला फक्कीनं आखलेली जागा आणि सात पोरं पुरतात.

मी उजव्या कोपऱ्याला खेळायचो. नववीत आणि दहावीत. तब्येत बेताची, पण घोट्याची पकड चांगली होती. वैरणीच्या पेंढ्या बांधून बांधून मनगट तयार झालेलं. सामन्याच्या दिवशी बंधाऱ्यावरून माणसांची रांग लागायची. शेंगा, गूळ, ऊसाची कांडी. आणि मैदानाच्या एका अंगाला बायका. खरी गंमत तिथं असे. आमची धाकटी आत्ती पलीकडच्या गावात दिलेली. तिचा थोरला मुलगा त्यांच्या संघात, मी आमच्या. सामना आमच्याकडे असला की ती माहेरवाशीण म्हणून आमच्या बायकांत बसायची आणि ओरडायची मात्र पलीकडच्यांसाठी. एकदा माझ्या आईनं विचारलं, "वन्सं, कुणाचं मीठ खाता?" आत्ती म्हणाली, "वैनी, आज दुपारपर्यंत तुमचं. जेवलेय की मगाशी." आणि पुन्हा उठून ओरडायला लागली.

१९८५ सालच्या सामन्याबद्दल मात्र हसून लिहिता येत नाही. शेवटची चढाई त्यांची. दोन्ही बाजूंचे गुण समान. त्यांचा चढाईपटू आत आला, आमच्या दोघांनी धरला, तो ओढत ओढत मध्यरेषेला टेकला. पंच गुरुजींनी सांगितलं, रेषेला हात लागायच्या आत दम तुटला. त्यांच्याकडचे म्हणाले, तुटला नाही. दम ही अशी गोष्ट आहे की ऐकणाऱ्याला हवी तशी ऐकू येते. आधी शब्द, मग धूळ, मग दगड. त्या चढाईपटूच्या डोक्याला दगड लागला आणि कराडला नेऊन टाके घालावे लागले. पोरगा दहावीत होता. तोंडावर परीक्षा.

त्याच रात्री आमच्या चुलत्यांचा दीड एकर ऊस पेटला.

वाचकहो, उभा ऊस पेटलेला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. फटाक्यांसारखा आवाज येतो आणि आग माणसाच्या पायापेक्षा जोरात पळते. आसपासचा ऊस वाचवायला मधल्या सऱ्या तोडल्या, ओली पोती मारली. पहाटे तीनपर्यंत गाव जागं होतं आणि कुणी लावली हे कुणालाच विचारायची गरज वाटत नव्हती. देवळापुढं माणसं जमली. हातात कोयते होते, पण ऊस तोडायला नव्हे. आमचे आबा तेवढे म्हणत होते की उजाडू द्या. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

उजाडायच्या आधी बंधाऱ्यावरून कंदील येताना दिसले. पुढं आत्तीचे मालक, म्हणजे आमचे मामा, आणि मागं त्यांच्या शेतातली तोडणीची टोळी, शिवाय त्यांच्या भावकीतली दहाबारा माणसं. त्यांच्या स्वतःच्या फडाची चिठ्ठी त्याच दिवसाची होती. मामा देवळापुढं आले, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "जळका ऊस थांबत न्हाय. आधी तोडू. भांडान कुठं पळून जातंय?"

त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. जळलेल्या उसाचं वजन तासातासाला घटतं, रस आंबतो, साखरेचा उतारा पडतो. चोवीस तासांच्या आत गव्हाणीत गेला तर काहीतरी हाती लागतं. दोन-तीन दिवस पडला तर कारखान्याची कपात आणि वजनातली घट मिळून शेतकरी धुऊन निघतो. चिटबॉयला उठवलं, मामांची चिठ्ठी आमच्या चुलत्यांच्या नावावर फिरवली. संध्याकाळपर्यंत दीड एकर मोकळं झालं. काजळीनं सगळे एका रंगाचे झालेले, कोण कुठल्या गावचा ते ओळखू येईना. तो टाके पडलेला पोरगा डोक्याला पट्टी बांधून बांधावर येऊन उभा राहिला होता. त्यानं कोयता उचलला नाही आणि पाणीही घेतलं नाही. दुपारी निघून गेला.

दोन दिवसांनी वायरमन आला. रानावरून गेलेल्या दोन तारा सैल पडून लोंबत होत्या. वाऱ्यानं एकमेकींना लागून ठिणग्या पडल्या. खांबाच्या बुडाशी वितळलेल्या तारेचे थेंब सापडले. पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं. तरी आमच्या गावात आजही दोन म्हातारे असे आहेत की त्यांना तारेचं कारण पटत नाही. तार त्याच रात्री कशी लागली, असं ते विचारतात, आणि याला उत्तर नाही.

(हा विषय निघालाच आहे तर नोकरीतलं दोन शब्दांत सांगून टाकतो. रानावरून तारा गेल्या असतील तर तोडणीपूर्वी त्या ताणून घेण्यासाठी लेखी अर्ज करा, पोच घ्या, आणि दोन तारांमध्ये अंतर राखणारे तुकडे बसवायला लावा. आणि तोडणी झाल्यावर पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं, ते सरीआड दाबलं तर जमिनीत कुजून खतच होतं. पलीकडच्या गावात आता कुणी जाळत नाही.)

त्या सामन्यानं एक नुकसान असं केलं की ते कोणत्याही पंचनाम्यात आलं नाही. माझ्या चुलतबहिणीची सोयरीक त्या गावात जवळजवळ ठरली होती. सुपारी फुटायची बाकी होती. त्या उन्हाळ्यात दोन्हीकडून निरोप थंडावले. ऊस एकत्र तोडला तरी कुणी पुन्हा विषय काढला नाही, आणि पुढच्या वर्षी तिला माण तालुक्यात दिली. तिथं दुष्काळ, पाण्यासाठी दोन-दोन कोस. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पण कबड्डीचा विषय निघाला की ताई उठून आत जायची, हे मी पाहिलेलं आहे. गावाच्या इभ्रतीची किंमत कोण भरतं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. मैदानावर उड्या मारणारे तर खचित भरत नाहीत.

सामना तीन वर्षं बंद होता. पुन्हा सुरू झाला तो दोन्ही शाळांच्या मास्तरांनी चिकाटी धरली म्हणून. एक नियम नवा आला: सामना संपल्यावर दोन्ही संघांनी यजमान गावात एका पंगतीला बसायचं आणि वाढायचं काम हरलेल्या गावानं करायचं. हरलेल्यानं का वाढायचं, असं तुम्ही विचाराल. कारण हातात भाताची परात असली की दगड उचलता येत नाही, असं आमच्या सरांचं म्हणणं होतं.

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्यानं सांगितलेली हकीकत ऐकून मला फार बरं वाटलं. तिथं फिलिप्सबर्ग म्हणून गाव आहे आणि डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया राज्यातलं ईस्टन. राज्यं वेगळी, मधे नदी, आणि दोन्ही गावांच्या हायस्कुलांत फुटबॉलचा हाडवैराचा सामना. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सकाळी सामना बघायचा आणि मग घरी जाऊन जेवायचं. शंभरावा सामना २००६ साली झाला. त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारून पळायचा आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं. पायाचा संबंध थोडाच. मी पुतण्याला म्हटलं, म्हणजे आपली कबड्डीच की, फक्त दम धरायचा नाही. पायानं खेळायचा फुटबॉल बघायचा तर आपल्या शेजारी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर जावं. तिथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ, आणि ईर्षा गावागावांत नाही तर पेठापेठांत. खेळ बदलतो, शेजारी मात्र लागतोच.

ही ईर्षा पाण्याला लावली तर काय होतं, ते आपल्याच भागानं दाखवलं आहे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचं पहिलं वर्ष २०१६. तीनच तालुके होते, त्यात आपला कोरेगाव, आणि पहिलं बक्षीस नेलं कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं. २०१८ साली माण तालुक्यातली टाकेवाडी पहिली आली. उन्हाळ्याच्या रखरखाटात माणसं चर खोदत होती. या स्पर्धेच्या काळात मी माणमध्ये गेलो होतो, ताईकडे. तिच्या गावातले लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेजारच्या गावाच्या शिवारात जायचे. चोरीला नव्हे, त्यांचे चर किती झाले ते मोजायला. परत येऊन आणखी दोन तास खोदायचे. ताईच्या हाताला फोड आलेले होते. म्हणाली, "दादा, एवढं वरीस बघ. त्यांच्यापेक्षा आमच्या हिरीला आधी पाणी लागंल." माझ्या इतक्या वर्षांच्या भाषणांनी एवढं काम झालं नसतं, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

आता मूळ सामन्याची आजची गोष्ट. दोन्ही हायस्कुलांचे पट घसरले. सकाळी पिवळ्या बसगाड्या येतात आणि निम्मी पोरं इंग्रजी शाळांत घेऊन जातात. जमिनीचे तुकडे झाले, घरटी एक-दोन मुलं, त्यातलं एक शहरात. जी राहतात त्यांच्यासाठी मैदान अजून महत्त्वाचं आहे. राज्य पातळीपर्यंत खेळलं तर दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि पोलीस भरतीला पळायचं तर पायात दम लागतोच. पण सात पोरं जमवताना शाळेच्या नाकी नऊ येतात. मुलांचा सामना तीन वर्षांपूर्वी बंद पडला.

तो मुलींनी सुरू ठेवला. शाळेत मुलीच जास्त राहिल्या आहेत, कारण बसचे पैसे भरताना घरं आधी मुलाचे भरतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. जे दिसतं ते लिहितो. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली, तेव्हापासून आमच्याकडच्या बायका पोरींना मैदानावर सोडताना फार घासाघीस करत नाहीत.

या वर्षी सामना आमच्याकडे होता. आठ दिवस आधी पलीकडच्या शाळेच्या बाई आमच्या शाळेत आल्या. त्यांच्याकडे सहाच मुली उरल्या होत्या. सातवी आजोळी शिकायला गेलेली. सामना सोडून द्यायचा, की सहांवर खेळायचं, की तुम्ही एक मुलगी उसनी देता? आमच्या गावात यावर चावडीत दोन तास बोलणं झालं. एका तात्यांनी सांगितलं, "आपली पोरगी त्यांच्या बाजूनं? मग पाटलाची घोडी त्यांच्या वरातीला द्या की." सरपंचबाई मात्र ठाम होत्या, की सामना बंद पडला तर तो आपल्या काळात बंद पडला असं होईल. शेवटी पोरींनाच विचारलं. माझ्या पुतणीची मुलगी, नववीतली, उजवा कोपरा, ती म्हणाली, "मी जाते. आत्ती-आज्जी तिकडचीच हाय की."

आत्ती आता ऐंशीच्या पुढं आहे. तिला खुर्चीवर बसवून आणलं होतं, आणि या खेपेला ती पलीकडच्यांसाठी ओरडली तरी कुणाला काही म्हणता येईना. आमच्या मुलींनी ही घरचीच, दबेल, असं धरून तिच्या कोपऱ्यातून चढाया केल्या. तिनं आमच्या कप्तानासकट चौघींना घोट्याला धरून पाडलं. आम्ही तीन गुणांनी हरलो. तात्या सामना संपायच्या आतच उठून गेले. हरलेल्या गावानं वाढायचं, म्हणून आम्ही वाढलं. त्या पोरीच्या पानावर जिलेबी वाढताना तिच्या सख्ख्या चुलत्यानं एकच वाढली, आणि पंगतीतून ओरडा झाला तेव्हा दुसरी दिली.

ठरलंय असं की पुढच्या वर्षी त्यांनी आपली एक मुलगी आम्हाला उसनी द्यायची. ती कुठली, यावर अजून एकमत झालेलं नाही. ते धाकट्या कोपऱ्यावाली देतो म्हणतात, आणि आमचे लोक त्यांच्या चढाईवाल्या पोरीवर अडून बसलेत.